झाकलेल्या कोंबड्याचं घड्याळ

या महिन्याच्या टपालात पाच जणांनी, एकमेकांना न विचारता, जवळपास एकच गोष्ट विचारली आहे: उजेड-अंधाराची वेळ जनावराला कळते कशी? तेव्हा गोचीड, जंत आणि खुरी पुढच्या अंकात. ज्यांची ती पत्रं आहेत त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमचा गावठी कोंबडा रात्री माजघरात डालग्याखाली असतो. डालग्यावर पोतं, दार बंद, खिडकी नाही. तरी हल्ली, मे महिन्यात, चारच्या आसपास आरवतो म्हणजे आरवतोच. सासूबाई म्हणतात त्याला देवाघरची वेळ कळते. शेजारी म्हणतात आता त्याला सुरी कळेल. डॉक्टरबाई, अंधारात त्याला वेळ समजते कशी? आणि थांबवायचा कसा? (एक गृहिणी, पन्हाळा तालुका)

उत्तर : ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण आपण नेहमी सूर्याच्या बाजूने वापरतो. कोंबड्याच्या बाजूने पाहिलं तर झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. तुमच्या सासूबाई सत्याच्या बऱ्याच जवळ आहेत.

जपानमधल्या नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी हेच तपासलं; त्यांचा निबंध २०१३ साली आला. कोंबडे बंद खोलीत ठेवले. बारा तास लख्ख उजेड, बारा तास अगदी मंद. कोंबडे दिवे लागायच्या सुमारे दोन तास आधीच आरवायला लागले. मग खोलीत चोवीस तास मंद उजेड ठेवला, सकाळ-संध्याकाळ काहीच कळू नये असा. तरीही कोंबडे दिवसातून एकदा ‘पहाट’ धरून आरवत राहिले. फक्त त्यांचा दिवस चोवीस तासांचा नव्हता, सुमारे २३ तास ४२ मिनिटांचा होता. म्हणजे घड्याळ कोंबड्याच्या आत आहे, आणि ते रोज अठरा मिनिटं पुढे पळतं.

माझ्या आजीकडे कराडजवळ एक किल्लीचं घड्याळ होतं. तेही असंच, रोज पाव तास पुढे. आजी ते दुरुस्तीला टाकत नसे. सकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला की चष्मा लावायची, स्टुलावर चढायची आणि काटा मागे ओढायची. झालं! घरात कधी वेळ चुकली नाही. कोंबड्याचं तसंच आहे. सकाळचा उजेड हा त्याचा भोंगा. उजेड घड्याळ चालवत नाही, ते चालूच असतं. उजेड रोज काटा जागेवर आणतो, एवढंच. भोंगा एक दिवस झाला नाही तर अठरा मिनिटांचा फरक पडेल, आठवडाभर झाला नाही तर दोन तासांचा. तुम्ही रात्री झाकता, पण सकाळी डालगं उचलताच ना? तिथे त्याचा काटा जुळतो.

प्राणिमात्रांच्या या आतल्या घड्याळाला ‘सर्केडियन’ हा शब्द १९५९ साली फ्रान्झ हालबर्ग यांनी दिला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सुमारे एक दिवस’. त्यातला ‘सुमारे’ मला फार आवडतो. निसर्गाने घड्याळ काटेकोर बनवलंच नाही, काटा सरकवायची सोय मात्र ठेवली.

आता वेळेचं. मे महिन्यात तुमच्याकडे सहाच्या सुमारास उजाडतं, त्याच्या दोन तास आधी म्हणजे चार. डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास उजाडतं. तेव्हा तो पाचला आरवतो का, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून बघा.

थांबवता येणार नाही, पण मागे सरकवता यावं. सकाळी सहाला डालगं उचलता ते आठला उचला, तोवर खोलीत खरोखर अंधार हवा. संध्याकाळी त्याला दोन तास जास्त दिव्याखाली ठेवा. आठ-दहा दिवसांत त्याची पहाट मागे जायला हवी. एक अडचण आहे. दुसरा कोंबडा ओरडला की आपला ओरडतो, आणि नेमक्या पहाटेच्या वेळी तर जास्तच. म्हणजे शेजाऱ्याकडेही कोंबडा असेल तर आधी त्याला समजवा.

जाता जाता, घरात चार कोंबडे असलेल्यांसाठी. त्याच संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिला आरवण्याचा मान सगळ्यांत वरचढ असलेल्याचा. बाकीचे त्याच्यामागून, आपापल्या पायरीने. मोठा हलवला की दुसरा पहिला होतो. लग्नाच्या पंगतीतला मानपान यापेक्षा फार वेगळा नसतो.

प्रश्न : विट्याजवळ माळावर ६०० लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, शेड आहे. लाईट शेतीच्या थ्री फेजवर. ती काही दिवस रात्री असते, काही दिवस दिवसा. म्हणून बटणं चालूच ठेवतो. जेव्हा येईल तेव्हा बल्ब लागतात. खाद्य तेच, लस वेळेवर, आजार नाही, पण अंडी ८८ टक्क्यांवरून ७० वर आली. सोळा तास उजेड द्या म्हणतात, तो तर मी कधी कधी अठरा तासही देतो. (एक कुक्कुटपालक, खानापूर तालुका)

उत्तर : दादा, खाद्यावर शंका घेण्याआधी बटणं बंद करा. तुम्ही उजेड मोजताय, कोंबडी त्याची वेळ मोजते.

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीस तास नुसतं कवच चढायला. म्हणून कोंबडी आज सकाळी आठला अंडं द्यायला बसली तर उद्या नवाला, परवा आणखी उशिरा, असं करत दुपारपर्यंत जाते आणि मग एक दिवस खाडा करते. खाडा का? पुढचं बलक सुटण्यासाठी जो संप्रेरकाचा इशारा लागतो, तो तिच्या शरीरात रात्रीच्या ठरावीक काही तासांतच मिळू शकतो. ते दार बंद झालं की दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबायचं. आणि हे दार कधी उघडायचं, कधी लावायचं, ते आतलं घड्याळ ठरवतं. आता तुमच्या शेडमध्ये सोमवारी अंधार सातला पडतो, मंगळवारी रात्री बाराला बल्ब लागतात, शुक्रवारी काहीच नाही. मध्यरात्री पडलेला उजेड कोंबडीच्या लेखी ‘पहाट झाली’. एका आठवड्यात तुम्ही तिला तीन वेगवेगळ्या गावांना नेऊन आणता.

तिला उजेड डोळ्यांनीच कळतो असंही नाही. पक्ष्यांच्या कवटीतून उजेड आत झिरपतो आणि मेंदूच्या खोल भागात तो ओळखणाऱ्या पेशी असतात. अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी १९६८च्या सुमारास चिमण्यांवर हे दाखवलं. डोळे काढलेल्या चिमण्याही उजेड-अंधाराशी वेळ जुळवत होत्या. डोक्यावरची पिसं उपटली की आणखी कमी उजेड पुरायचा, आणि डोक्याच्या कातडीखाली काळी शाई सोडली की उजेड कळेनासा व्हायचा. प्रयोग क्रूर आहेत, मला वाचतानाही बरं वाटलं नव्हतं. पण ‘कोंबडी डोळे मिटून बसली तर दिव्याचा काय उपयोग’ हा प्रश्न शेडमध्ये मला अनेकांनी विचारला आहे, त्याचं उत्तर तिथे आहे.

तर करायचं काय? शेतीच्या लाइनवर विसंबू नका. एक छोटं सोलर पॅनेल, बॅटरी, एलईडी आणि टायमर घ्या. खाद्याच्या भांड्याजवळ वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड बास. टायमर पहाटे तीनला चालू, उजाडल्यावर बंद. संध्याकाळ सूर्यावर सोडा. पावसाळ्यात हा दिवस सोळा तासांचा होईल. दिवाळीच्या सुमारास सूर्य लवकर मावळायला लागतो, तेव्हा पहाट दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे ओढत दोनवर आणा, म्हणजे दिवस आखडणार नाही. अंड्यावरच्या कोंबडीचा दिवस कमी करायचा नाही आणि वाढत्या तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्यांचा, वाढवायचा नाही, हा धंद्यातला जुना नियम आहे, त्याला मी काही जोडू शकत नाही.

उजेड पहाटेच का वाढवायचा, संध्याकाळी का नाही, हे मात्र मला महागात पडून कळलं. माझी पहिली नेमणूक जत तालुक्यात होती. नवीन पदवी, नवीन उत्साह. एका शेतकऱ्याला मी सांगितलं, संध्याकाळी सात ते दहा बल्ब लावा. त्याने लावले. रात्री दहाला एकदम बटण बंद. कोंबड्या अजून जमिनीवर होत्या, दांड्यावर चढलेल्या नव्हत्या. अचानक काळोख पडला, त्या घाबरून एका कोपऱ्यात ढीग करून बसल्या. सकाळी खालच्या एकतीस गुदमरून मेलेल्या. खरा सूर्य बटण दाबल्यासारखा मावळत नाही, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. त्या माणसाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरत फक्त म्हणाला, ‘बाई, चहा घ्या.’ तो चहा मी आजही विसरलेली नाही.

प्रश्न : आमची म्हैस दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांनी गेली. तरी पहाटे पाचला रेकायला लागते आणि धारेला बसलं की लगेच पान्हा सोडते. तिला पाच वाजलेले कसे कळतात? आणि मुलगा म्हणतो, आंधळीला गोठ्यात दिवा कशाला, बिल वाढतं. (एक शेतकरी, शिराळा तालुका)

उत्तर : तिच्या पाचमध्ये निम्मा वाटा आंबोणाचा आहे. रोज एकाच वेळी खाणं मिळालं की शरीर त्या वेळेच्या आधी तासभर तयारीला लागतं. उंदरांमध्ये तर मेंदूतला मुख्य घड्याळाचा ठिपका काढून टाकला, तरी खाण्याच्या वेळेची ही चाहूल टिकून राहते. यकृतासारख्या अवयवांना स्वतःची घड्याळं असतात आणि ती मुख्यतः जेवणाच्या वेळेवर लागतात. शिवाय तिचे कान शाबूत आहेत. तुमची बादली वाजायच्या आधी घरातली कडी वाजते, ती तुम्हाला ऐकू येत नाही, तिला येते.

दिव्याचं उत्तर ती कशी आंधळी आहे यावर आहे. सस्तन जनावरांत कोंबडीसारखी कवटीतून सोय नाही, उजेड आत जायला डोळा हीच एक वाट. पण डोळ्याच्या पडद्यावर बघण्याच्या दोन प्रकारच्या पेशींखेरीज तिसऱ्या प्रकारच्या काही पेशी असतात. त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड किती आहे ते कळतं, आणि ते त्या थेट मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य, मेलानॉप्सिन, १९९८ साली सापडलं ते कुठे? तर बेडकाच्या कातडीत. पुढच्याच वर्षी रसेल फॉस्टर यांच्या गटाने दाखवलं की बघण्याच्या दोन्ही प्रकारच्या पेशी नसलेले उंदीरही उजेडाने घड्याळ जुळवतात. म्हणजे दिसत नाही, तरी सकाळ झालेली कळते.

तुमच्या म्हशीच्या डोळ्यात फूल पडलं असेल किंवा मोतीबिंदू असेल, तर उजेड अजून आत जात असणार. डोळा आटून खोबणीत गेला असेल तर ती वाट बंद. अंधारात बॅटरी मारून बाहुली आकसते का पाहा. बाहुलीच दिसत नसेल तर तुमच्या पशुवैद्याला बघू द्या. दोन्हीपैकी काहीही असो, रात्री दिवा लावायची गरज नाहीच. दिवसा तिला गोठ्यात कोंडू नका, बाहेर बांधा. तो उजेड फुकट आहे, हे मुलाला सांगा. आणि आंबोणाची वेळ मोडू नका. उजेडाची वाट बंद असेल तर तिच्याकडे तेवढीच खूण उरली आहे.

प्रश्न : मी मुलाकडे न्यू जर्सीला आले आहे. आठ दिवस झाले, रात्री दोनला टक्क जागी आणि संध्याकाळी सहाला डोळे मिटतात. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, पण विचारते. (एक आजी, मूळच्या सांगलीच्या)

उत्तर : काकू, माणूसही त्यातच आला. तुमच्याआधी हा प्रवास मधमाश्यांनी केला आहे. मॅक्स रेनर यांनी १९५५ साली पॅरिसमध्ये बंद खोलीतल्या मधमाश्यांना ठरावीक वेळी साखरपाण्यावर यायची सवय लावली आणि एका रात्रीत विमानाने न्यू यॉर्कला नेलं. तिथे तशाच बंद खोलीत त्या आल्या, पण पॅरिसच्या घड्याळाप्रमाणे! तुमच्या अंगात अजून सांगली चालू आहे. तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे सांगलीत पहाटेचे साडेतीन; त्या वेळी डोळे मिटणार नाहीत तर काय?

घड्याळ रोज साधारण तासभर सरकतं, पण उजेड कोणत्या वेळी पडतो यावर ते पुढे जाईल की मागे, हे ठरतं. पॅट्रिशिया डिकोर्सी यांनी १९६० साली उडत्या खारींवर हे बघितलं. सतत अंधारात ठेवलेल्या खारींना फक्त दहा मिनिटं उजेड दाखवला. खारीच्या रात्रीच्या सुरुवातीला दाखवला तर दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली, रात्र सरताना दाखवला तर लवकर. तिच्या दिवसाच्या वेळी दाखवला तर काहीच फरक नाही. तोच दिवा, तीच मिनिटं.

तुम्हाला मागे जायचं आहे. निघण्याआधी हे विचारलं असतं तर दुपारी बाहेर फिरा, संध्याकाळी दिवे मंद ठेवा, असं सांगितलं असतं, कारण तिथली दुपार म्हणजे इथली रात्रीची सुरुवात. आता आठ दिवसांत बरंच अंतर कापलं गेलं असणार. दुपारनंतरचं आणि संध्याकाळचं ऊन घ्या, सूनबाईंबरोबर बाजारहाट त्या वेळी करा, आणि जेवणं तिथल्या घड्याळाप्रमाणे घ्या. रात्री दोनला जाग आली तर मोबाइलवर सांगलीच्या बातम्या बघू नका. परत याल तेव्हा मात्र जास्त दिवस जातील. बहुतेकांना पूर्वेकडचा प्रवास जड जातो. इतक्यावर झोप लागली नाही तर तिथल्या माणसांच्या डॉक्टरांना दाखवा, माझ्याकडची औषधं किलोच्या हिशोबात असतात.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या लेण्यात वटवाघळं आहेत. आत दुपारीसुद्धा हात दिसत नाही. तरी ती रोज बरोबर तिन्हीसांजेला बाहेर पडतात. आत अंधारात त्यांना कोण सांगतं? (इयत्ता दहावी, जुन्नर तालुका)

उत्तर : तुझा प्रश्न आपल्याच देशात फार छान सोडवला गेला आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन नावाचे प्राध्यापक होते. मदुराईजवळच्या एका गुहेत पानासारख्या नाकाची छोटी वटवाघळं राहतात. आत खोलवर सदाचा काळोख, तापमान तेच, ओल तीच. चंद्रशेखरन, जी. मारिमुथू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर काही वटवाघळांना त्याच काळोखात पिंजऱ्यात ठेवलं आणि त्यांची फडफड कधी सुरू होते ते नोंदवलं. बाकीची वसाहत मोकळी होती, रोज संध्याकाळी बाहेर जात होती, पहाटे परत येत होती.

पिंजऱ्यातली वटवाघळं एक किरणही न बघता रोज वसाहतीबरोबरच जागी होत राहिली. मग तसाच पिंजरा दुसऱ्या गुहेत नेला, जिथे एकही वटवाघूळ नव्हतं. तिथेही ती दिवसातून एकदा जागी व्हायची, घड्याळ होतंच. पण बाहेरच्या संध्याकाळशी त्याचा मेळ राहिला नाही, वेळ रोज थोडी थोडी सरकत गेली. हा निबंध १९८१चा. म्हणजे जी मोकळी होती ती बाहेर जाऊन उजेड बघून घड्याळ लावत होती, आणि कोंडलेली त्यांच्या येण्या-जाण्यावर आपलं. घरात एकाच्याच मनगटावर घड्याळ असावं आणि त्याच्या चपला वाजल्या की सगळ्यांना कळावं, तसं.

मोकळ्या वटवाघळांचीही एक गंमत आहे. बाहेर पडण्याआधी ती गुहेच्या तोंडापर्यंत येऊन घिरट्या घालतात आणि परत आत जातात. बाहेर अजून किती उजेड आहे ते बघून येतात. आपण पाऊस थांबला का म्हणून दारातून हात बाहेर काढतो ना?

हे तुला स्वतः बघता येईल. लेण्याच्या आत जायचं नाही, बॅटरी मारायची नाही, दगड तर नाहीच. मोठ्या कुणाला तरी बरोबर घेऊन तोंडापासून वीस-पंचवीस पावलांवर बसायचं. पहिलं वटवाघूळ डोकावलं ती वेळ, आणि पहिलं खरंच निघून गेलं ती वेळ, वहीत दोन रकाने. तिसऱ्या रकान्यात कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ. ढग असतील तर तसं लिही, पौर्णिमा असेल तर तेही. आठवड्यातून एक दिवस पुरे, दहावीचं वर्ष आहे. दिवाळीपर्यंत जेवढं होईल तेवढं मला पाठव; खाडाखोड असली तरी चालेल.